चिखलातलं तिसरं चाक

तीन तिगाडा काम बिगाडा, असं आपण सहज म्हणून जातो. पण ज्या घरांत ही म्हण पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली, त्या घरांतली चूल तीनच दगडांवर मांडलेली असायची. चार पायांचं टेबल उंचसखल जागेवर डुगडुगतं, कारण चौथा पाय बाकीच्या तिघांच्या पातळीत येईलच याची खात्री नसते. तीन टेकू मात्र कशाही जमिनीवर ठेवा, तिन्ही टेकतातच. खडकाळ माळ असो की चिखल, तीन चाकांच्या यंत्राचं सगळं बळ आणि सगळा धोका या एका गोष्टीतून येतो. भंडारा जिल्ह्याच्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, हे यंत्र पॉवर टिलरच्या रूपात भेटतं. मूळचं ते दोन चाकांचं, मागे हँडल धरून चालायचं. मागे रोटरवर, म्हणजे फिरत्या पात्यांच्या भागावर, बसायची सीट आणि तिच्याखाली छोटं शेपटाचं चाक लावलं की ते तीनचाकी होतं. असं जुनं, गोठ्याच्या कडेला गंजत पडलेलं टिलर घरच्या आवारात पुन्हा उभं करता येतं आणि करायलाही हवं, असं माझं ठाम मत आहे. त्याला एक अट मात्र जोडलेली आहे. यंत्र मूळपदावर आणणं हे एक काम आणि त्यात आपल्या सोयीचा बदल करणं हे दुसरं. पहिलं पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये, आणि दुसरं करताना तीन चाकांमधला त्रिकोण कधीही मोडू नये.

आधी जमीन बघू, कारण यंत्राची गरज तिच्यातूनच निघते. १९९९ साली गोंदिया वेगळा झाल्यावर भंडाऱ्यात सात तालुके उरले: भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी. वैनगंगेच्या काठचा आणि मालगुजारी तलावांचा हा मुलूख धानावर जगतो. इथल्या शेतकऱ्याने मातीला स्वतःची नावं दिली आहेत. कन्हार काळी आणि चिकट, सिहार हलकी, वाळूमिश्रित, मोरांड दोहोंच्या मधली, खरडी आणि बरडी म्हणजे खडेगोट्यांची. कन्हारात पाणी साचलं की पाय उपसताना चप्पल आत राहते. सिहारात तेच पाणी झिरपून जातं, म्हणून तिथे चिखलणी जास्त नेटाने करावी लागते. चिखलणीचा हेतूच पाणी थांबवणं हा आहे. मातीची रचना मोडून तिचा असा गारा करायचा की खालचा थर पाणी धरून ठेवेल आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवताना बोटाला माती मऊ लागेल. मोठा ट्रॅक्टर हे काम लवकर करतो, पण बांधी लहान असली तर त्याचा निम्मा वेळ वळण्यात जातो, कोपरे तसेच राहतात आणि धुरे, म्हणजे बांध, खचतात. शिवाय तो जड असतो. एकदा खालचा घट्ट थर फोडून रुतला की त्याला काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो. सगळं मिळून चारेकशे किलोंचं यंत्र अशा जागी शहाणपणाचं ठरतं.

अशा यंत्राची कल्पना बरीच जुनी आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ साली वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करण्याचे प्रयोग सुरू केले. रोटरचा एक उगम तिथला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जमीन लहान शेतकऱ्यांच्या हाती आली आणि भाताच्या तुकड्यांसाठी चालत हाकायचं छोटं यंत्र तिथे घरोघरी पोचलं. भारतात बंगळूरच्या व्ही.एस.टी. कंपनीने १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने टिलर बनवायला घेतलं आणि केरळ सरकारच्या कॅम्को कंपनीने १९७३ पासून कुबोटाच्या धर्तीवर. या दोन घराण्यांची १२-१३ अश्वशक्तीची यंत्रं अजूनही देशभर फिरताना दिसतात, आणि ती इतकी टिकली याचं कारण त्यांची रचना उघडी आहे. पुढे आडवं बसवलेलं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याच्या फ्लायव्हीलवरून पट्ट्यांनी क्लचच्या पुलीला जोर, तिथून गिअरपेटी, गिअरपेटीतून खाली दोन चाकं आणि मागे रोटर. झाकलेलं, सीलबंद, संगणकाने चालणारं असं काही नाही. पाना आणि हातोडी हाताशी असलेल्या माणसाला या यंत्राचा प्रत्येक अवयव दिसतो.

पण तीन चाकांवर बसून हाकायच्या यंत्राचा जगाचा अनुभव काय, हेही समजून घ्यायला हवं. त्याशिवाय बदलाबद्दल बोलणं बेजबाबदार ठरेल. १९७० साली होंडाने अमेरिकेत एक तीनचाकी गाडी विकायला काढली. पुढे एक चाक, मागे दोन, तिन्ही फुगीर आणि कमी हवेची, इंजिन ८९ सीसीचं. हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत म्हणून बर्फात, वाळूत, चिखलात चालेल असं काहीतरी हवं होतं. ओसामू ताकेउची या अभियंत्याने वेगवेगळ्या संख्येची चाकं लावून पाहिली आणि शेवटी तीनवर तो थांबला. गाडी तुफान चालली. यामाहा, कावासाकी, सुझुकी मागोमाग आल्या, इंजिनं मोठी होत गेली. आणि अपघातही वाढत गेले, जखमींत मुलं मोठ्या प्रमाणात होती. १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि कंपन्या यांच्यात न्यायालयात तडजोड झाली आणि नव्या तीनचाकींची विक्री थांबली. २००८ च्या कायद्याने त्यांची आयातही बंद केली. विकल्या गेलेल्या गाड्या मात्र कुणी परत घेतल्या नाहीत. त्या शेतघरांतून तशाच राहिल्या आणि आज त्याच जुन्या गाड्या हौसेने पुन्हा उभ्या केल्या जातात.

त्या गाड्या उलटत का होत्या, याचं उत्तर बांधीतल्या टिलरलाही लागू पडतं. तीन चाकं जिथे टेकतात ते बिंदू जोडले की त्रिकोण होतो. यंत्राचा आणि माणसाचा मिळून जो गुरुत्वमध्य असतो, त्याच्यातून सोडलेला ओळंबा या त्रिकोणाच्या आत पडला तर यंत्र उभं, बाहेर गेला तर आडवं. चौकोन सगळीकडे सारखा रुंद असतो, त्रिकोण एकट्या चाकाकडे निमुळता होत जातो. होंडाच्या गाडीत एकटं चाक पुढे होतं, म्हणून उतारावर किंवा वळणात ब्रेक मारताच वजन निमुळत्या टोकाकडे धावायचं. त्यात मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर, डिफरन्शियल नाही. वळताना आतलं चाक कमी फिरायला हवं, पण ते बाहेरच्याइतकंच फिरणार. मग हाकणाऱ्याने वजन बाहेरच्या पायावर टाकून आतलं चाक हलकं करायचं, हे शिकावं लागे. न शिकलेला माणूस तोल जाताना सायकलवरच्या सवयीने पाय जमिनीला टेकवी आणि मागचं चाक त्याच पायावर चढे.

टिलरमध्ये चित्र उलटं आहे. दोन चाकं पुढे, एकटं मागे, आणि माणूस बसतो नेमका त्या एकट्याच्या जवळ. साधं गणित करून बघू. समजा दोन चाकांमधलं अंतर ८० सेंटिमीटर, शेपटाचं चाक त्यांच्या १५० सेंटिमीटर मागे, यंत्र ४०० किलोंचं आणि त्याचा गुरुत्वमध्य चाकांच्या दांड्याच्या १५ सेंटिमीटर मागे. तिथे त्रिकोणाची अर्धी रुंदी ३६ सेंटिमीटर भरते. आता १२० सेंटिमीटर मागे ७० किलोंचा माणूस बसवा. गुरुत्वमध्य दांड्याच्या मागे सुमारे ३१ सेंटिमीटरवर सरकतो आणि अर्धी रुंदी ३२ वर येते. तिथेच दुसरा माणूस किंवा तेवढ्याच वजनाची पोती चढवली, की ती २९ च्याही खाली जाते. ३६ वरून २९ म्हणजे पाचवा हिस्सा आधार गेला, आणि यात माणूस उंचावर बसल्याने गुरुत्वमध्य वर सरकतो, ते धरलेलंच नाही. सपाट बांधीत हे जाणवत नाही. एका चाकाने धुरा चढताना जाणवतं. म्हणूनच सीटची फळी लांब करून दोघांची सोय करणं हा मला या यंत्रातला सगळ्यांत वाईट बदल वाटतो, आणि दुर्दैवाने वेल्डिंगच्या दुकानात तो सगळ्यांत सोपा असतो.

आता दुरुस्तीकडे. पडून राहिलेल्या टिलरला घरी आणल्यावर बहुतेकांचा हात पहिल्यांदा रंगाच्या डब्याकडे जातो. रंग शेवटी. चिखलात काम करणाऱ्या यंत्राचा खरा आजार चाकाच्या दांड्यापाशी असतो, आणि तो शोधायला एक रात्र पुरते. यंत्र सपाट जागी रात्रभर उभं ठेवावं, सकाळी न हलवता गिअरपेटीखालचा बोल्ट अगदी हळू सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आत पाणी शिरलेलं असेल तर आधी तेच ठिबकतं. तेलात मिसळून गेलं असेल तर तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. दोन्ही खुणा एकच सांगतात, की दांड्यावरचं ऑइल सील गेलं. हे सील म्हणजे बोटभर रुंदीचं रबरी कडं, आत बारीक ओठ आणि त्या ओठाला आवळणारी केसासारखी स्प्रिंग. ओठात वाळूचा कण अडकतो आणि फिरता दांडा त्या कणावर घासत राहतो. रबर मऊ, पोलाद कडक, तरी झिजतं पोलादच, कारण कण रबरात रुतून बसतो आणि कानशीसारखं काम करतो. दांडा पुसून नख आडवं फिरवलं तर तिथे पडलेली खाच नखाला लागते. नवं सील त्याच जागी ठोकलं तर त्याचा ओठ त्याच खाचेत बसणार आणि तेल पुन्हा गळणार. जागा असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर अलीकडे किंवा पलीकडे बसवावं, नसेल तर लेथवर दांड्याला पातळ बाही चढवून घ्यावी. दांड्यावर वेल्डिंगचा भराव मात्र घालू नये. तापलेल्या आणि झटकन निवलेल्या पोलादाचा स्वभाव बदलतो आणि ते नेमकं भराच्या वेळी, त्या जोडाशेजारी तुटतं.

पट्ट्यांचंही असंच. घसरणारा पट्टा दिसला की नवा आणतात, पण आधी पुलीच्या खाचेत डोकावून बघावं. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा हा पट्टा खाचेच्या दोन भिंतींना धरून चालतो, तळाला त्याचा स्पर्श होता कामा नये. खाचेचा तळ चकाकत असेल तर भिंती झिजून पट्टा खाली बसलाय असं समजावं. मग कितीही ताण दिला तरी तो घसरणारच, आणि जास्तीच्या ताणाने इंजिनाची बेअरिंग मात्र जाईल. इंजिनाबद्दल एवढंच सांगतो. हँडल मारताना दाब लागत नसेल तर रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह हे काम माहीतगार मिस्त्रीकडे न्यावं, आणि नोझलचा फवारा तपासताना त्याच्यासमोर हात कधीही धरू नये. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं.

हँडलखालच्या दोन लिव्हरांकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि जीव तिथेच अडकलेला असतो. डावी दाबली की डाव्या चाकाचा जोर सुटतो, उजवं ढकलत राहतं, यंत्र डावीकडे वळतं. सपाटीवर हा नियम कधी चुकत नाही. उतारावर मात्र तो उलटा होतो. तिथे यंत्र स्वतःच्या वजनाने धावत असतं आणि इंजिन चाकांना धरून ठेवत असतं. डावी लिव्हर दाबताच डावं चाक मोकळं सुटून पुढे पळतं, उजवं अडलेलं राहतं आणि यंत्र उजवीकडे वळतं. ट्रॉली लावून धरणाच्या किंवा तलावाच्या पाळीवरून उतरणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो वाचायला म्हणून दाबतो आणि नेमका काठाकडे जातो. म्हणून दुरुस्तीत या लिव्हरांच्या केबल, त्यांचं ढिलेपण आणि दोन्ही बाजूंची सारखी पकड यांना मी इंजिनाच्या बरोबरीचं महत्त्व देईन. पाळीवरून उतरताना गिअर खालचा, वेग माणसाच्या चालीचा आणि लिव्हरांवरून बोटं दूर.

हे सगळं झाल्यावर बदलांची पाळी येते, आणि बदल हवेतच. कारखान्यात यंत्र सगळ्या देशासाठी बनतं, आपल्याला ते आपल्या बांधीसाठी हवं असतं. कन्हारात लोखंडी चाकाच्या पट्ट्यांमध्ये चिखल गच्च बसतो आणि चाकाचं जातं होतं, तिथे पट्ट्यांमधलं अंतर वाढवावं, चिखल खरवडणारी पाती लावावी. सिहारात पट्ट्या जवळ असल्या तरी चालतं. चाकांमधली रुंदी, कंपनीने दिलेल्या जागेपर्यंत, वाढवणं तर त्रिकोणाला मदतच करतं. दांड्याच्या सीलबाहेर पत्र्याची टोपी बसवली तर गवत आणि धानाची मुळं गुंडाळली जात नाहीत. फिरत्या पट्ट्यावर जाळी, रोटरवर पुरं झाकण, हँडलला जाड रबर, संध्याकाळी परतताना लागेल असा दिवा आणि मागे लाल चकचकीत पट्टी, यांपैकी एकही गोष्ट तोल बिघडवत नाही. शेपटाच्या चाकाची उंची रोटर किती खोल जायचा ते ठरवते, म्हणून त्याचा स्क्रू स्वच्छ आणि ग्रीस लावलेला हवा. पण ते चाक मोठं करून सीट उंचावणं, किंवा चिखलाचं झाकण काढून हलकं करणं, याला माझा नकार आहे.

यावर पहिली हरकत अशी येईल की अनुदानावर नवं टिलर मिळत असताना जुन्याशी झटापट का करायची. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांतून अनुदान मिळतं हे खरं, आणि ज्याची निवड होते त्याने ते जरूर घ्यावं. पण प्रत्येकाची निवड होतेच असं नाही आणि उरलेली रक्कम शेतकऱ्यालाच उभी करावी लागते. बाहेरून येणाऱ्या स्वस्त टिलरांवरही २०२० च्या जुलैत केंद्र सरकारने आयातीचे निर्बंध आणले. गिअरपेटीचं बीड शाबूत असलेलं जुनं यंत्र अशा वेळी भंगाराच्या भावाने देऊन टाकणं मला नुकसानीचं वाटतं. दुसरी हरकत ट्रॅक्टरची. तासावर ट्रॅक्टर मिळतो, चिखलणी आटोपते. आटोपते, पण एकाच पावसानंतर सगळ्या गावाला तो एकाच आठवड्यात हवा असतो, आणि पऱ्हे कुणासाठी थांबत नाहीत. त्यांचं वय उलटलं की रोवणीनंतर फुटवे कमी येतात. लहान शेतकऱ्याला स्वतःचं हळू यंत्र दुसऱ्याच्या वेगवान यंत्रापेक्षा वेळेवर पोचवतं.

तिसरी हरकत सुट्या भागांची, आणि ती वाटते तितकी खरी नाही. बेअरिंगवरचा आकडा जगभर एकच भाषा बोलतो. ६२०५ म्हटलं की आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५, कंपनी कुठलीही असो. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते, पट्ट्यावर त्याचा प्रकार आणि लांबी. उरलेलं कोरून घेता येतं, आणि कोरणारे हात या जिल्ह्याला नवे नाहीत. भंडाऱ्याची ओळखच पितळेच्या भांड्यांची. वरठीला सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना, गडेगावला अशोक लेलँडचा, जिथे ट्रकच्या गिअरपेट्या बनतात, जवाहरनगरला आयुध निर्माणी. आय.टी.आय.मधून टर्नर आणि डिझेल मेकॅनिक शिकून बाहेर पडणारी मुलं आहेत. धातू ओळखणारी माणसं इथे शोधावी लागत नाहीत, त्यांच्यापुढे नेमकं माप ठेवावं लागतं.

चौथी हरकत कायद्याची, आणि तिला उडवून लावणं चुकीचं होईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या वाहनाचा मूळ तपशील बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. म्हणून जुन्या रिक्षेला किंवा टेम्पोला फुगीर टायर लावून ती माळावरची गाडी करणं आणि तीच घेऊन बाजाराला जाणं, हा मार्ग बंद समजावा. जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आले, पण त्यांत पन्नास वर्षांपुढच्या दुचाकी आणि चारचाकी आहेत, तीनचाकींना जागाच नाही. हे मला खटकतं. ज्या महाराष्ट्रात १९५८ पासून बजाज टेम्पोने हॅन्सिएट नावाची जर्मन घडणीची तीनचाकी बनवली आणि ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत कायमचा सामान्यनाम झाला, तिथे त्या गाडीला जुन्या ठेव्याचा मान मिळू नये, ही उणीव आहे. टिलरचं काम मात्र बांधीतलं आहे. लोखंडी चाकं लावून ते डांबरी रस्त्यावर आणू नये, रस्त्याने न्यायचं तर रबरी चाकं चढवावीत.

राहिला प्रश्न अचूकपणाचा. घरच्या आवारात, ताडपत्रीवर, कारखान्यासारखं काम होईल का? सगळं होणार नाही. इंजेक्शन पंपाचं माप घरी लागत नाही आणि तिथे हट्ट करू नये. पण स्वच्छता, क्रम आणि नोंद या तीन गोष्टींना कारखाना लागत नाही. सुटलेला प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून काढला त्याच क्रमाने पुठ्ठ्यावर खोचून ठेवावा, शेजारी पेन्सिलीने जागा लिहावी. आटे गेलेला बोल्ट ठोकून बसवू नये. उन्हाळी धान निघाल्यापासून मृगाच्या पावसापर्यंतचे थोडे दिवस या कामाला मिळतात. खरीप आटोपल्यावर लगेच खोलायला घेतलं तर घाई होत नाही. रंग वाळला की हत्यारपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ब्रशने लिहून ठेवावं: बेअरिंगचे आकडे, सीलची तीन मापं, पट्ट्याची लांबी, तेल बदलल्याची तारीख, आणि सील दांड्यावर कुठल्या बाजूला किती मिलिमीटर सरकवलंय ते. पुढच्या वेळी ती पेटी दुसऱ्या कुणाच्या हातात असेल.